पुढच्या डाव्या चाकाची हवा

"मंगोलियात माग काढणारी खरी माणसं दोनच," शगदरमामा म्हणाले. "एक मी. दुसरा गेल्या वर्षी वारला."

दुल्माकाकूंनी खारट चहाचा वाडगा त्यांच्यापुढे केला. "अरेरे. कशाने?"

"ते अजून कळलेलं नाही," मामा गंभीरपणे म्हणाले. "ते प्रकरण माझ्याकडेच आहे."

ओर्गिलने मान खाली घातली आणि गेरच्या, म्हणजे त्या गोल तंबूच्या, जमिनीवरच्या गालिच्याची नक्षी पाहायला घेतली. तो मुलगी मागायला आला होता. मागायला आलेल्या मुलाने स्वतः तोंड उघडायचं नसतं, त्याच्या बाजूच्या वडीलधाऱ्याने बोलायचं असतं, आणि ओर्गिलच्या बाजूला वडीलधारं माणूस एकच उरलं होतं. ते आत्ता चहा पिता पिता गेरच्या छताकडे संशयाने बघत होतं.

मामांची सगळी नोकरी उलानबातारच्या एका लोकरीच्या गोदामात पहाऱ्यावर गेली. त्या सगळ्या काळात तिथे एकच चोरी झाली, ती मामांच्या टोपीची. चार तास चौकशी चालली आणि शेवटी टोपी मामांच्या डोक्यावर सापडली. हे प्रकरण त्यांनी एकट्याने, कुणाचीही मदत न घेता उलगडलं, असं ते आजही सांगतात. निवृत्तीनंतर त्यांनी 'खासगी शोध' असं लिहिलेली पाटी दाराला लावली. आजवर त्या पाटीमुळे एकच बाई आली, तिला वरच्या मजल्यावरचा दातांचा दवाखाना हवा होता.

पण मामांनी आज बरीच शिस्त पाळली. आधी तपकिरीच्या बाटल्यांची देवाणघेवाण झाली. जनावरं अंगाने भरली आहेत का, उन्हाळा बरा चाललाय का, हेही विचारून झालं. मग त्यांनी मानाचं निळं रेशमी वस्त्र, खदग, दोन्ही हातांवर घेऊन दुल्माकाकूंपुढे धरला आणि शब्दही नीट उच्चारले. आमच्या मुलाला तुमची उयांगा द्या.

चुलीपाशी बसलेली उयांगा दुसरीकडे बघत होती. ओर्गिलला तिचा फक्त लाल झालेला कान दिसत होता.

दुल्माकाकूंनी खदग घेतला नाही, परतही केला नाही. त्यांनी तो हळूच उचलून रंगीत पेटीवर ठेवला.

"मुलगा चांगला आहे, दिसतंय मला," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही येताना रस्त्यात अडकून बसला होतात, असं ऐकलं."

"कोण म्हणालं?" मामा ताठ झाले.

"तुम्हीच, शगदरभाऊ. आल्या आल्या."

खरं होतं ते. रस्त्यात टायर पंक्चर झालं होतं, आणि त्याची मुळं शहरातल्या बाजारात होती.

ओर्गिलची गाडी जपानहून आलेली जुनी हायब्रिड. तिच्यात स्टेपनी नव्हती, म्हणून निघण्याआधी मामा-भाचे टायर दुरुस्तीचं सामान घ्यायला बाजारात गेले. दुकानदाराने भराभर वस्तू काढल्या. लांब दांड्याचा पाना, जाड बुडाचा जॅक, दोन नळ्यांचा पायपंप, पंक्चरच्या भोकात ठोकायच्या चिकट वाती आणि त्या आत ढकलायचा सुया असलेला दांडा. ओर्गिलला हे सगळं पटलं होतं. मामांनी मात्र हात वर केला.

"हे सामान फिरतं असायला हवं ना? मग ते देलच्या खोळीत मावलं पाहिजे. मावत नाही ते फिरतं नाही."

मामांच्या देलला, म्हणजे लांब अंगरख्याला, कमरपट्ट्याच्या वर, छातीपाशी, चांगली ऐसपैस खोळ तयार होत असे. मंगोल माणूस तिच्यात वाडगा, तपकीर, चीज, वेळ पडली तर कोकरूसुद्धा ठेवतो. मामांनी तिथेच दुकानात एकेक वस्तू खोळीत टाकून पाहिली. टाकायचे, दोन पावलं चालायचे, एकदा उडी मारायचे.

"आवाज होतो. नको. मला दबक्या पावलांनी जावं लागतं," म्हणत त्यांनी पाना परत केला. शेवटी त्यांनी निवडलं ते असं. चमच्याएवढा पाना, मोटरसायकलला पुरेल इतका जॅक आणि चहाच्या वाडग्याएवढा विजेचा पंप. पायपंपाकडे तर त्यांनी तुच्छतेने पाहिलं. "हवा पायाने भरायची? मी डोक्याने काम करणारा माणूस आहे." ओर्गिलने होकार दिला, पैसे दिले, आणि मामा शेजारच्या दुकानात आरूल, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या वड्या, चाखायला वळल्यावर पायपंप आणि वाती विकत घेऊन जुन्या लोकरीच्या फेल्टमध्ये गुंडाळून पुढच्या सीटखाली ढकलल्या.

वाटेत खिळा लागला. चमच्याएवढा पाना वाकून खरोखरच चमचा झाला. वाडग्याएवढा पंप मिनिटभर किंचाळला, टायरपेक्षा स्वतःच जास्त तापला आणि झोपी गेला. मग ओर्गिलने पुढच्या डाव्या टायरमधला खिळा उपटला, भोकात वात ठोकली आणि पायाने हवा मारायला सुरुवात केली. पंपाकडे मामांचं लक्षच गेलं नाही, ते चाकाची पाहणी करत होते. व्हॉल्व्हचं टोपण काढून भिंगाखाली धरलं, "हं" म्हणाले, आणि खिळा कुठल्या वंशाचा असावा यावर शेवटपर्यंत बोलत राहिले. टायर भरल्यावर म्हणाले, "बघ, माझ्या सामानाने काम फत्ते."

आता गेरमध्ये दुल्माकाकू म्हणत होत्या, "इथून शहर लांब आहे. मध्ये दुकान नाही, वस्ती नाही. उयांगाचे वडील एका हिवाळ्यात असेच टायर बसलं म्हणून गाडी सोडून चालत निघाले. आम्हाला वसंतात सापडले."

चुलीवरचं दूध कढत होतं, ते उयांगाने बाजूला केलं. मामांनी चहाचा वाडगा खाली ठेवला.

"म्हणून मला गाणी म्हणणारा जावई नको, श्रीमंतही नको," काकू म्हणाल्या. "मला एवढंच बघायचंय, की तुमची गाडी चार चाकांवर उभी राहते. माझा भाऊ टेकडीपलीकडे राहतो. त्याचा होकार घ्यावाच लागतो. मला त्याच्याकडे घेऊन चला. नीट पोचवलंत तर खदग मी उचलते."

"आत्ता चला," मामा म्हणाले.

काकूंनी चांगला निळा देल घातला. लाकडी पळीने दूध उडवून चारी दिशांना वाहिलं, मग गाडीच्या चाकांवर, आणि दाराकडे तोंड करून उभ्या असलेल्या पुढच्या डाव्या चाकावर सगळ्यात जास्त. प्रवास सुखाचा होवो. तेवढ्यात पश्चिमेकडून धुळीची भिंत उठली, घोड्या बुजल्या, सगळी धावाधाव झाली आणि जाणं उद्यावर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचं डावं चाक बसलेलं होतं.

 काकू निळा देल घालून गेरच्या दारात उभ्या होत्या, हातात दुधाची पळी घेऊन. 

"घातपात!" मामा आनंदाने म्हणाले.

त्यांनी भिंग काढलं आणि गाडीभोवती गुडघ्यांवर रांगत तीन फेऱ्या मारल्या. "पावलांचे ठसे. एक जोड्याचा, मोठा, उजवा पाय किंचित फेंगडा. संशयास्पद."

"ते तुमचे आहेत, मामा."

"म्हणूनच संशयास्पद. कुणीतरी माझ्यासारखा चालतो आहे." ते पुढे सरकले. "आणि इथे कोकराच्या खुरांचे ठसे. बरेच. पण ते तर सगळीकडेच असतात, ते बाद."

ओर्गिलने साबणाचं पाणी करून टायरवर सगळीकडे ओतलं. खिळ्याच्या जागची वात घट्ट होती. कडेला बुडबुडा नाही, व्हॉल्व्हलाही नाही. हवा कुठून गेली, काही कळेना. त्याने सीटखालून पायपंप काढला आणि हवा मारायला लागला. ते बघून मामा दुखावले.

"हा कुठून आला?"

"सापडला."

"म्हणजे तपास माझ्याशिवाय झाला," मामा म्हणाले आणि थोडा वेळ रुसून बसले.

टायर टणक झालं. काकूंनी पळीत आणलेलं दूध परत नेलं नाही, चाकावर टाकलं. "आणलेलं दूध परत न्यायचं नसतं," त्या म्हणाल्या. "पण मी आज बसणार नाही. उद्याही उभं राहतं का ते बघू."

दुपारी उयांगा बाटलीने कोकराला दूध पाजत बसली होती. जन्मताच आई गेलेलं ते एवढंसं पांढरं कोकरू बाटलीचं रबरी निपल ढुशा देऊन देऊन चोखत होतं. ओर्गिल शेजारी टेकला.

"तुझ्या मामांनी सकाळपासून मला तीनदा विचारलं की रात्री मी कुठे होते," ती म्हणाली. "म्हटलं, झोपले होते. म्हणाले, याला साक्षीदार कोण? म्हटलं, झोपलेल्यांना साक्षीदार असतो का? तर म्हणाले, वाईट आहे हे."

"त्यांना बोलू नको काही. माझं लग्न त्यांच्या जिभेवर अवलंबून आहे."

"मग मी दुसऱ्या कुणाशी तरी लग्न करू का?"

"झोरिगशी?"

ती हसली. झोरिग हा तालुक्याच्या गावात टायर दुरुस्ती करायचा. मागच्या वर्षी त्यानेही खदग पाठवला होता आणि काकूंनी तो तेव्हाच परत केला होता. मामांना हे उयांगाकडूनच कळलं, आणि मग त्यांच्या डोक्यात झोरिग पक्का बसला.

त्याच्या पुढच्या सकाळी पुढचं डावं चाक पुन्हा बसलेलं होतं. काकू निळा देल घालून आल्या, बघितलं, आणि देल बदलायला आत गेल्या. ओर्गिलने पंपावर पाय ठेवला. आज पाय जड झाला होता. उयांगाला आपण शहरात नेऊ, दोघांची एक खोली असेल, तिच्या हातचा चहा असेल, असं त्याने वाटभर ठरवलं होतं. आणि ते सगळं या एका चाकापायी निसटत चाललं होतं.

"प्रश्न असा," मामा येरझाऱ्या घालत म्हणाले, "की हवेला बाहेर पडून फायदा काय? हवेचा फायदा ज्याला, तो गुन्हेगार. हवेवर पोट कोण भरतं? टायरवाला!"

दैवयोगाने टायरवाला त्याच दुपारी आला. काकूंच्या जुन्या मोटरसायकलची ट्यूब दुरुस्त करून द्यायची होती. मामांनी त्याला उतरूही दिलं नाही.

"रात्री कुठे होतास?"

"घरी. कालवणात मीठ जास्त पडलं म्हणून बायकोशी भांडण झालं. साऱ्या गावाने ऐकलं."

"बायको? तुझं लग्न झालं?"

"वसंतात. काकू, यांना काय झालंय?"

"हवा गेलीये," काकू म्हणाल्या.

झोरिगला सगळं सांगितल्यावर तो इतका हसला की त्याची मोटरसायकल आडवी झाली. "अहो बाबा, हवा भरायचे मला पैसे मिळतात. काढायला चाळीस किलोमीटर फुकट कोण येईल? तेही रात्रीचं?" त्याने जाताना चाकाला एक लाथ मारली, कानाने आवाज ऐकला आणि म्हणाला, "टायर चांगलं आहे. जे काही होतंय, ते इथेच होतंय." आणि धूळ उडवत निघून गेला.

हे शेवटचं वाक्य मामांच्या डोक्यात गेलं, आणि तिथे आत जागा बरीच होती.

त्या संध्याकाळी, अजून ऊन असतानाच, मामांनी सगळ्यांना गेरमध्ये बसवलं. स्वतः उभे राहिले. उभं राहून बोलल्याशिवाय रहस्य उलगडता येत नाही, असं त्यांचं मत होतं. ओर्गिलने त्यांचा देल मागून ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"आधी मला दुधावर संशय होता," मामा म्हणाले. "दूध आंबतं, आंबट पदार्थ रबर खातो. पण दूध चारही चाकांवर पडलं आणि बसलं एकच. मग उंचीवर. माळ उंच, हवा विरळ, आतली हवा बाहेरच्या हवेला भेटायला जाते. पण उरलेल्या तीन चाकांना तशी ओढ दिसली नाही. मग झोरिगवर. तो विवाहित निघाला, ही त्याची चाल असू शकते, पण बायकोशी भांडण खरं वाटतं. राहिलं कोण? ज्याला ही गाडी इथून जायला नको आहे. ज्याला एकुलती एक मुलगी जायला नको आहे." त्यांनी बोट रोखलं. "दुल्माताई, गुन्हेगार तुम्ही आहात!"

 ओर्गिलला वाटलं, आता जमिनीत शिरावं. "काकू, माफ करा," तो म्हणाला. मुलाने बोलायचं नसतं हेही त्याला आठवलं नाही.

दुल्माकाकू उठल्या. पेटीवरचा निळा खदग त्यांनी घडी घालून घेतला आणि ओर्गिलच्या हातात दिला.

"शगदरभाऊ म्हणतात ते खोटं नाही," त्या म्हणाल्या. "मनात आलं होतं माझ्या. पहिल्या सकाळी चाक बसलेलं दिसलं तेव्हा मला बरं वाटलं. पुढल्या हिवाळ्यात या गेरमध्ये मी आणि शेकोटी, एवढंच असेल. पण मी चाकाला हात लावलेला नाही. आणि जिथे मला चोर म्हणतात, तिथे मी मुलगी देणार नाही."

उयांगाचे डोळे भरून आले. ती बाटली घेऊन बाहेर गेली. काही झालं तरी कोकराला भूक लागतेच. ओर्गिल हातातल्या खदगाकडे बघत राहिला. मामा खाली बसले. कुठे बसावं हे न कळल्यामुळे चुलीच्या फार जवळ बसले आणि लगेच उठले.

बाहेरून उयांगाची हाक आली. "आई! ओर्गिल! अरे बाहेर या! आवाज करू नका!"

तिघेही बाहेर आले. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी पांढरं कोकरू पुढच्या गुडघ्यांवर टेकलं होतं. मागे शेपूट आनंदाने थरथर हलत होती. त्याने व्हॉल्व्हची रबरी नळी तोंडात धरली होती, आणि वाळलेल्या दुधाच्या वासाने खूष होऊन ते तिला जीव लावून चोखत होतं. मध्येच दूध येईना म्हणून ते एक जोरदार ढुशी द्यायचं, जशी आईच्या कासेला द्यावी. ढुशीबरोबर आतली खीळ दाबली जायची.

फुस्स.

कोकराने दचकून मान मागे घेतली, ढेकर दिला, आणि पुन्हा चोखायला लागलं.

"मला पहिल्यापासून संशय होता," मामा म्हणाले.

"तुम्ही खुरांचे ठसे बाद केले होते," उयांगा म्हणाली.

"ते त्याला गाफील ठेवायला."

काकू वाकल्या. त्यांनी कोकराला काखेत घेतलं आणि व्हॉल्व्हकडे बघितलं. "पण याला वरचं टोपण असतं ना? उघडंच कसं? बाकीच्या तिन्ही चाकांना आहे. कोकराला काही ते फिरवून काढता येणार नाही."

 मग ओर्गिलने मामांकडे बघितलं, मामांनी आभाळाकडे बघितलं, आणि उयांगाने काही न विचारता मामांच्या देलच्या खोळीत हात घातला. आधी वाडगा निघाला, मग वाकडा पाना, मग झोपलेला पंप, अर्धवट चाखलेलं आरूल, आणि सगळ्यात खाली काळं इवलंसं टोपण.

"तो पुरावा आहे," मामा हळू आवाजात म्हणाले. "वाटेत मी तपासायला काढला होता. मग खिळ्याचं प्रकरण महत्त्वाचं वाटलं."

दुल्माकाकूंच्या ओठांचा कोपरा हलला. मग त्या हसल्या, आणि हसताना कोकरू काखेतून निसटलं. मामांनी टोपी काढली. ते पहिल्यांदाच खरोखर लाजलेले दिसत होते.

"दुल्माताई, मी तुम्हाला चोर म्हणालो. आता मला कळतंय, की चोराला टोपण मीच काढून दिलं. माफ करा. माझ्या भाच्याला शिक्षा नको."

काकू त्यांच्याकडे नाही, ओर्गिलकडे बघत होत्या. तो तोपर्यंत खदग गाडीच्या टपावर जपून ठेवून पायपंप लावून बसला होता. टायर पुन्हा बसलं होतं, म्हणून हवा मारायचीच होती. कुणी मुलगी देवो वा न देवो. एक, दोन, एक, दोन. कपाळावरचा घाम त्याने बाहीने पुसला आणि काकू समोर आल्या तसा थांबला.

"मामा बोलतात, तू हवा भरतोस," त्या म्हणाल्या. "स्वतः काही बोलायचंय का तुला?"

ओर्गिल घाबरला. पाठ केलेलं त्याच्याकडे काहीच नव्हतं.

"काकू, टायर पुन्हा बसणार नाही असं मी सांगत नाही. इथले रस्ते असेच आहेत, बसेल. पण गाडीत हा पंप असेल, वाती असतील, पाणी आणि पांघरूण असेल. हिवाळ्यात काही झालं तर मी गाडी सोडून चालत जाणार नाही. तिच्यापाशी बसेन आणि हवा भरेन. कितीही वेळ लागला तरी." तो थांबला. "मला तुमची मुलगी हवी आहे. फार हवी आहे."

उयांगा पुन्हा दुसरीकडे बघत होती, आणि आता तिचे दोन्ही कान लाल होते.

दुल्माकाकूंनी टपावरचा खदग उचलला. दोन्ही हातांनी, नीट पसरून. मग गेरमध्ये गेल्या, निळा देल घालून आल्या, आणि स्वतःच पुढच्या सीटवर बसल्या. ओर्गिलने टोपण घट्ट बसवलं, गाडीत शिरला आणि चावी फिरवायला हात नेला.

"थांब जरा," काकू म्हणाल्या. "भावाकडे गेल्यावर मला हसत बसावं लागेल. आधी इथे थोडं रडून घेते."

त्या रडल्या. उयांगा मागून पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून बसली. ओर्गिलने हात चावीवरून काढून घेतला आणि घाई केली नाही.

मागच्या सीटवर मामांनी बाहीने डोळे पुसले.

"धूळ," त्यांनी निदान केलं.

वारा तर केव्हाचा पडलेला होता. पण त्यांना कुणी टोकलं नाही.